हिरव्या पंखांची टाचणी गगनबावड्याच्या ओढ्यावर दिसते, मग पंचगंगेवर का दिसत नाही?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर गगनबावड्याकडे गेले असताना कुंभी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर मला एक टाचणी (चतुरासारखा, पण बारीक शरीराचा उडणारा कीटक) दिसली, तिच्याविषयी येथील जाणकारांना विचारायचे आहे. ओढ्याच्या मधोमध एका ओल्या दगडावर ती पंख मिटून बसली होती, तेव्हा तांबूस तपकिरी आणि अगदी साधी दिसत होती. काही क्षणांनी तिने पंख उघडले आणि मागच्या दोन पंखांवर हिरवा-निळा धातूसारखा रंग लखलखला. त्या पंखांची टोके काळी होती आणि पुढचे दोन पंख मात्र पारदर्शक होते. जवळच्या लव्हाळ्यावर दुसरी एक टाचणी बसली होती. तिचे पंख फिकट तपकिरी होते आणि त्यांवर स्पष्ट पांढरे ठिपके होते. पाण्यापासून थोडे दूर, झुडपांच्या दाट सावलीत, आणखी काही टाचण्या जवळजवळ बसलेल्या होत्या. त्यांचे शरीर चकचकीत हिरवे, पण पंख पूर्ण स्वच्छ होते. या तीन वेगवेगळ्या जाती समजायच्या का?

माझा खरा प्रश्न पुढचा आहे. कुंभीचे पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळते. असे असताना प्रयाग चिखली, पंचगंगा घाट, रंकाळा, कळंबा तलाव या ठिकाणी मी मुद्दाम लक्ष ठेवूनही ही टाचणी मला आढळलेली नाही. तेथे पिवळ्या रंगाच्या आणि निळ्या-काळ्या, बारीक टाचण्या पुष्कळ दिसतात. याचे कारण केवळ प्रदूषण आहे का? नदी स्वच्छ झाली तर ही टाचणी शहरापर्यंत येईल का? वर्गातील मुलांनी हाच प्रश्न विचारला आहे आणि त्यांना अर्धवट उत्तर देणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : ओढ्याकाठी

नमस्कार मॅडम. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राशिवायही ओळख पटवता येते. दगडावर बसलेली टाचणी म्हणजे न्युरोबेसिस चायनेन्सिस या जातीचा नर आणि लव्हाळ्यावरची, पांढऱ्या ठिपक्यांची, ही त्याच जातीची मादी. सावलीत जवळजवळ बसलेल्या टाचण्या वेगळ्या आहेत. त्या व्हेस्टॅलिस या प्रजातीच्या असाव्यात. दोन्ही एकाच कुळातल्या, म्हणून शरीराचा हिरवा चकाकता रंग सारखा दिसतो, परंतु व्हेस्टॅलिसच्या पंखांवर तो हिरवा-निळा पट्टा कधीच नसतो आणि काठावरच्या दाट सावलीत घोळक्याने विसावणे ही तिची नेहमीची सवय आहे. तिच्यातही पंखांची टोके काळी असणारी आणि पूर्ण स्वच्छ असणारी असे प्रकार आपल्या घाटात आढळतात.

न्युरोबेसिस चायनेन्सिसचे शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ साली केले. भारत आणि श्रीलंकेपासून चीन व आग्नेय आशियापर्यंत ती पसरलेली आहे आणि आंतरराष्ट्रीय सूचीत तिची नोंद 'अत्यल्प चिंता' या वर्गात होते. म्हणजे जात म्हणून ती दुर्मीळ नाही. मात्र तिला लागणारे पाणी सगळीकडे मिळत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी याच गोष्टीत आहे.

आधी पंखांविषयी थोडे लिहितो, कारण मुलांना ते सांगण्यासारखे आहे. नराच्या मागच्या पंखावरचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. पंखाच्या पापुद्र्यात अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातील ठरावीक लहरी एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या क्षीण होतात, म्हणून पाहण्याचा कोन बदलला की हिरव्याचा निळा होतो. पंखाची खालची बाजू तपकिरी असते, त्यामुळे पंख मिटताच नर दगडाशी एकरूप होतो. मादी समोर आली की तो पुढच्या दोन पंखांवरच तरंगत राहतो आणि मागचे रंगीत पंख तिच्यासमोर उघडे धरतो. उडण्यासाठी दोन पंख आणि दाखवण्यासाठी दोन, अशी वाटणी फार थोड्या कीटकांत पाहायला मिळते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास ओढ्यावर ऊन उतरते, त्या वेळी उन्हाच्या कवडशाजवळ शांत उभे राहिल्यास हे दृश्य दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आता पाण्याकडे वळू. टाचणीच्या मादीला अंडी नुसती पाण्यात सोडून देता येत नाहीत. तिच्या पोटाच्या टोकाशी अंडी घालण्याचा धारदार अवयव असतो. त्याने ती वनस्पतीच्या देठात किंवा मुळात बारीक चीर पाडते आणि त्या चिरेत एकेक अंडे ठेवते. न्युरोबेसिसची मादी वाहत्या पाण्यात बुडालेल्या मुळांवर व वनस्पतींवर अंडी घालते, आणि त्यासाठी कधी कधी स्वतःही पाण्याखाली उतरते. काठावरची मुळे उघडी पडून पाण्यात लोंबत नसतील किंवा प्रवाहात वनस्पतीच नसतील, तर पाणी कितीही नितळ असले तरी तिचा वंश तेथे वाढत नाही.

अंड्यातून निघालेली अळी पुढचे संपूर्ण बालपण पाण्यात काढते. टाचणीला फुलपाखरासारखी कोशाची अवस्था नसते. अळी वारंवार कात टाकत मोठी होते आणि शेवटची कात टाकण्यासाठी पाण्याबाहेर येते. या कुळातील अळी आपल्याला सापडली तर ती ओळखणे कठीण नाही. पाय लांब व काटकुळे असतात, मिशांचा पहिलाच भाग विलक्षण लांब असतो आणि शेपटीच्या टोकाला तीन कल्ले असतात. त्यांपैकी मधला पानासारखा चपटा, तर बाजूचे दोन तिधारी असतात. ती पोहून शिकार करत नाही. मुळांच्या जुडग्यात किंवा दगडांच्या फटीत अडकलेल्या पानांच्या थरात ती पाय रोवून बसते आणि जवळून जाणाऱ्या बारीक जीवावर खालचा ओठ झटक्याने पुढे फेकून त्याला पकडते.

अशा अळीला श्वसनासाठी सतत बदलत राहणारे, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हेच प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. म्हणजे काठावरची झाडी तोडल्यामुळे ओढ्याचे पाणी तापले तर मैला किंवा रसायन न मिसळताही प्राणवायू घटतो. आपण जेथे ही टाचणी पाहिली तेथे दगडांवरून उसळणारे पाणी, वरून सावली आणि काठाला मुळांचे जाळे या तिन्ही गोष्टी एकत्र असणार. रंकाळा व कळंबा हे तलाव आहेत. ते आदर्श अवस्थेत असले तरी न्युरोबेसिस तेथे राहणार नाही, कारण तेथे प्रवाहच नाही. त्यामुळे रंकाळ्यावर ती न दिसणे हा रंकाळ्याच्या प्रदूषणाचा पुरावा मानता येत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

उत्तर : कसबा बावडेकर

वरील उत्तर तलावांच्या बाबतीत पूर्ण पटते, परंतु पंचगंगा तर नदी आहे, मग तेथे का नाही, हा मॅडमचा प्रश्न शिल्लक राहतो. माझे घर राजाराम बंधाऱ्यापासून जवळ आहे आणि आमची थोडी शेती कुंभीच्या काठाला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, हे सर्वांना माहीत आहे. या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांत पावसाळा संपल्यावर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बर्गे काढून नदी मोकळी करायची, अशी ही पद्धत आहे. या बंधाऱ्यांनी आमच्या भागातली शेती उभी केली आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु टाचणीच्या नजरेने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्या महिन्यांत आकाश निरभ्र असते आणि टाचण्या सर्वाधिक उडतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपली नदी एकापाठोपाठ एक अशा लांबट तळ्यांची माळ झालेली असते. बर्गे घातल्यावर वरच्या बाजूचे पाणी चढते, खळखळणारे दगड बुडतात, प्रवाह जवळजवळ थांबतो आणि तळाशी गाळ बसू लागतो. पावसाळ्यात बर्गे निघतात तेव्हा प्रवाह परत येतो खरा, पण तो पुराचा असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी धरतात. नदी त्या पातळ्यांच्या आसपास वाहत असताना काठावरच्या मुळांत कोणती अळी तग धरू शकेल?

दुसरी गोष्ट काठाची. कुंभीच्या वरच्या अंगाला जांभूळ, उंबर, वाळुंज अशी झाडे पाण्यावर झुकलेली दिसतात. खाली येऊ लागलो की ऊस थेट काठापर्यंत येतो. आमच्या लहानपणी बांध आणि पाणी यांच्यात झाडीचा एक पट्टा असे. पंप बसवायला, वाट करायला आणि एखादी सरी वाढवायला तो हळूहळू निघाला. काठ मोकळा झाल्यामुळे पावसात माती सुटते आणि शेतातले खत सरळ नदीत उतरते. त्या खतावर केंदाळ पोसते. केंदाळाची चादर पाण्यावर पसरली की खाली उजेड पोहोचत नाही, आणि ते कुजू लागले की उरलासुरला प्राणवायूही जातो. शहराजवळ त्यात जयंती नाल्यासारख्या नाल्यांच्या सांडपाण्याची भर पडते. प्रदूषण हे कारण आहेच, पण ते शेवटचे कारण आहे. त्याआधी प्रवाह आणि काठ या दोन गोष्टी गेलेल्या असतात.

विज्ञानशिक्षिका, कोल्हापूर

दोघांचेही मनापासून आभार. पाणी तेच असले तरी अडवलेल्या आणि वाहत्या पाण्यात टाचणीच्या दृष्टीने इतका फरक पडतो, हे मुलांना नकाशावर बंधारे दाखवून समजावता येईल.

बर्ग्यांविषयी वाचल्यावर आणखी एक निरीक्षण विचारावेसे वाटते. भोगावतीवर एका बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला, जेथे फटींतून झिरपणारे पाणी दगडांतून वाहत होते, तेथे पाण्यात अडकलेल्या एका जुन्या ओंडक्यावर मला आखूड, जाडसर पोटाची, पिवळी-काळी टाचणी दिसली. तिचे पंख तिच्या पोटापेक्षा लांब होते, पंखांच्या टोकाला गडद डाग होता आणि तोंड पुढे आलेले, नाकाडासारखे दिसत होते. ती पिवळी टाचणी आणि रंकाळ्यावर दिसणारी पिवळी टाचणी एकच का? रंकाळ्यावरची तर काडीसारखी बारीक असते.

उत्तर : रानवाट

मॅडम, ती टाचणी रंकाळ्यावरची नव्हे. पोटापेक्षा लांब पंख आणि पुढे आलेला चेहरा ही लिबेलागो प्रजातीची खूण आहे आणि गडद टोकाचे पंख असलेला पिवळा-काळा हा नर असतो. ओंडका हीच येथे महत्त्वाची गोष्ट आहे. या कुळातील माद्या पाण्यात पडलेल्या, भिजून मऊ झालेल्या कुजक्या लाकडात अंडी घालतात, म्हणून नर अशा ओंडक्याचा एखादा कोपरा ताब्यात ठेवतो आणि दुसरा नर आला की दोघे समोरासमोर हवेत तरंगत एकमेकांना हटवण्याचा प्रयत्न करतात.

एक विनंती आहे. नदीस्वच्छतेच्या मोहिमांत प्लास्टिक आणि निर्माल्याबरोबर काठावरची ओली लाकडे, मुळे आणि लव्हाळेसुद्धा कचरा समजून ओढून काढले जातात. प्लास्टिक अवश्य काढावे. पुराच्या पाण्याला अडथळा होत नसेल तर पाण्यात रुतलेला ओंडका मात्र तसाच राहू द्यावा.

उत्तर : ओढ्याकाठी

मॅडम, रंकाळ्यावरची बारीक पिवळी टाचणी म्हणजे बहुधा सेरियाग्रियॉन कोरोमांडेलियानम. नराचे पोट पिवळेधमक आणि छाती हिरवट असते. डबकी, विहिरी, भाताची खाचरे, तलावाचा गवताळ काठ, कोठेही ती तग धरते. निळ्या-काळ्या टाचण्यांत इश्नुरा सेनेगालेन्सिस असण्याची शक्यता दाट आहे. तिच्या नराची छाती हिरवट-निळी, पाठ काळी आणि पोटाच्या टोकाजवळ एक ठळक निळा ठिपका असतो. आफ्रिकेपासून जपानपर्यंत आढळणारी ही जात अतिशय चिवट आहे. तिच्या काही माद्या नारिंगी-तपकिरी असतात तर काही हुबेहूब नरासारख्या दिसतात, त्यामुळे मुलांना त्या दोन जाती वाटू शकतात. नीट पाहायचे असेल तर पोटाच्या दुसऱ्या खंडाची खालची बाजू पाहावी; नरामध्ये तेथे मिलनाचा दुय्यम अवयव असल्यामुळे लहान फुगवटा दिसतो.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. 'टाचण्या दिसल्या म्हणजे पाणी शुद्ध' असे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते आणि ते या स्वरूपात चुकीचे आहे. इश्नुरासारखी जात सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावरही मोठ्या संख्येने असू शकते. एखाद्या नाल्यावर शंभर टाचण्या उडत असतील आणि त्या सर्व इश्नुरा असतील, तर त्या नाल्याविषयी चांगले काहीच सिद्ध होत नाही. टाचणी आहे की नाही यापेक्षा कोणती टाचणी आहे आणि ती तेथे अंडी घालते आहे का, हे पाहिल्याशिवाय पाण्याविषयी बोलू नये. पश्चिम घाटात चतुर व टाचण्या मिळून सुमारे २०० जाती आहेत आणि त्यांतील अनेक जाती जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांपैकी बऱ्याच जातींचे आयुष्य एखाद्या विशिष्ट प्रकारच्या ओढ्याशी बांधलेले आहे.

नदी स्वच्छ झाली तर ही टाचणी शहरापर्यंत येईल का, या आपल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. सांडपाणी थांबवल्याने पंचगंगेत स्थिर किंवा संथ पाण्यातल्या, पण प्राणवायूची गरज अधिक असलेल्या जाती परत येऊ शकतील. स्युडाग्रियॉन रुब्रिसेप्ससारखी, नारिंगी चेहऱ्याची देखणी टाचणी त्यांत असेल, कारण तिला काठाला पाणवनस्पती असलेले संथ पाणी चालते. न्युरोबेसिस मात्र बंधाऱ्याच्या फुगवट्यात येणार नाही. ती शहराच्या जवळ आणायची असेल तर नदीच्या मुख्य पात्राकडे पाहत बसण्यापेक्षा पन्हाळा, गगनबावडा आणि राधानगरीच्या बाजूने उतरणाऱ्या लहान ओढ्यांकडे लक्ष दिले पाहिजे. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहे, त्यामुळे अभयारण्याच्या आतले ओढे तुलनेने सुरक्षित आहेत. खरी अडचण अभयारण्याची हद्द संपल्यापासून पहिल्या बंधाऱ्यापर्यंतच्या पट्ट्याची आहे. तेथे ओढा खासगी शेतातून वाहतो, त्याला कोणतेही संरक्षण नसते, आणि यंत्राने 'सरळीकरण' केले की एका दिवसात दगड, मुळे व सावली तिन्ही नाहीशी होतात.

शाळेसाठी सुचवायचे तर मुलांना जाळी देऊ नये. त्याऐवजी ओढ्याकाठच्या दगडांवर आणि लव्हाळ्याच्या देठांवर अळ्यांनी टाकलेली कात शोधायला लावावी. ती कोरडी, पोकळ आणि पाठीवर चिरलेली असते. वाऱ्या-पावसाने शेपटीचे कल्ले गळालेले नसतील तर भिंगाखाली त्यांचा आकार आणि मिशांचा लांब पहिला भाग स्पष्ट दिसतो. उडणारी टाचणी दुसरीकडूनही आलेली असू शकते, परंतु कात सापडली म्हणजे ती त्याच पाण्यात वाढली हे निश्चित होते. ओढ्याचा एकच ठरावीक तुकडा निवडून ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याला पाहावा आणि प्रत्येक वेळी पाणी वाहते होते का, सावली किती होती, काठावर काय होते, एवढे तरी नोंदवावे.

उत्तर : कसबा बावडेकर

कुंभीकाठच्या आमच्या शेताला लागून एक ओढा आहे, त्याच्या एका बाजूला अजून उंबर व वाळुंज शिल्लक आहेत. मॅडम, आपल्या शाळेला निरीक्षणासाठी तो तुकडा चालणार असेल तर मुलांना अवश्य घेऊन यावे. दुसऱ्या बाजूला ऊस काठाला लागला आहे, त्यामुळे दोन्ही काठांची तुलना एकाच ठिकाणी करता येईल. पुढच्या लावणीच्या वेळी काठाकडची पहिली सरी मोकळी सोडण्याविषयी घरात बोलणे सुरू आहे; तेथे वाळुंजाच्या फांद्या लावल्या तर त्या लवकर धरतात.